बुरशीला आजारी पाडणारा मी

मी एक जुना विषाणू आहे, मित्रांनो. थांबा, थांबा, नाकाला रुमाल लावू नका! तुम्हाला सर्दीतापाने लोळवणारे माझे दूरचे भाऊबंद; त्यांच्याशी माझं जाणंयेणं नाही. मी माणसाला त्रास देत नाही, गुरांना नाही, झाडालाही नाही. मी राहतो बुरशीच्या पोटात. हरभऱ्याच्या मुळात शिरून उभं झाड वाळवणारी मर रोगाची बुरशी असते ना, तीच माझं घर. मी आत असलो की तिला आळस चढतो, तिची वाढ खुंटते आणि झाड मारणं तिच्याने होत नाही.

मला ना पाय, ना पंख. बुरशीचे दोन सख्खे धागे एकमेकांना भिडून एक झाले, तरच मी या धाग्यातून त्या धाग्यात जातो. म्हणून धाड गावाजवळच्या एका शेतात, धुऱ्यालगतच्या, म्हणजे बांधाकडेच्या, चार हात जागेत माझ्या कित्येक पिढ्या गेल्या. बाकी शेतात माझ्याविना मोकाट बुरशी होती.

शेत केसरबाई आणि वामनरावांचं. दोन वर्षं हरभरा निम्मा वाळला. तिसऱ्या वर्षीही झाडं माना टाकू लागली, तेव्हा वामनराव म्हणाले, "अजून एक साल पाहू. पुढच्या खेपेलेबी असंच झालं तं हरभरा बंद. मका पेरू." भाजीसाठी कोवळे शेंडे खुडता खुडता केसरबाईंचा हात दरवर्षी एकेका झाडावरून फिरायचा. मक्याचं त्यांना काय कौतुक!

त्यांची लेक संजीवनी संशोधन केंद्रात कामाला. तिने फोनवर सांगितलं, रोगी झाड मुळासकट घेऊन ये. केसरबाई ओल्या फडक्यात झाड गुंडाळून एसटीने गेल्या. संजीवनीने फडकं सोडलं आणि कपाळावर हात मारला.

"माय, म्या रोगी झाड सांगतलं होतं!"

"मंग? पिवळं नाही दिसत का तुले? मेलेलं झाड काऊन आणू बाई साहेबलोकायसमोर? लोक काय म्हणतीन? धुऱ्याजवळचं बरं पाहून आणलं. रोगी हाये, पण उभं हाये."

मित्रांनो, त्या माउलीच्या संकोचानेच मी आयुष्यात पहिल्यांदा गाव सोडलं.

रविवारी संजीवनी स्वतः जाऊन वाळलेली झाडं घेऊन आली. दोन्हींच्या मुळांचे तुकडे वेगवेगळ्या काचेच्या बशांत ठेवले. मेलेल्या झाडाची बुरशी आठवड्यात बशीभर कापसासारखी फुगली. माझी बुरशीबया मात्र दोन बोटं सरकली आणि बसली. "हे बिघडलं," म्हणत संजीवनीने माझी बशी उचलली. टाकाऊ बशांतलं सगळं उकळून मारतात तिथे. संपलो की हो मी!

पण पोरगी हुशार. उकळायच्या भांड्याचं झाकण लावता लावता थांबली आणि स्वतःशीच पुटपुटली, "झाड तं उभं होतं. मंग आतली बुरशी अशी काऊन?" तिने दोन्ही बुरश्यांचे तुकडे एकाच बशीत शेजारी ठेवले. धागे भिडले. मी पलीकडे उडी मारली! चार दिवसांत त्या फुगीर बाईसाहेबांची सगळी ऐट उतरली. यंत्रांनी तपासलं, तेव्हा मी सापडलो. असा सन्मान आमच्या खानदानात कुणाला मिळाला नव्हता.

उन्हाळाभर कुंड्यांत चाचण्या झाल्या. पेरणीला संजीवनी माझी सुस्त बुरशी बियाण्याला चोळायला घेऊन आली, तेव्हा केसरबाई म्हणाल्या, "बुरशी मारायची तं बुरशीच लावून राह्यली? डोकं ठिकाणावर हाये ना?" तरी पदर खोचून त्यांनीच आठ ओळी पेरल्या. मी मनोमन त्यांच्या पाया पडलो.

खरं सांगतो, सगळं शेत काही वाचलं नाही. पण माझ्या आठ ओळींत दहातली आठ झाडं उभी राहिली. बाकीकडे जेमतेम पाच.

मग संजीवनी म्हणाली, "माय, उभी झाडं उपटून न्या लागतीन. मुळात तो विषाणू पोचला का, पाहा लागते."

तीन वर्षं मेलेली झाडं उपटणाऱ्या हाताने आता जिवंत झाड उपटायचं! केसरबाई ओळीत वाकल्या. डोळे भरून आले होते. दाण्यांनी भरल्या घाट्यांची दहा झाडं स्वतःच्या हाताने काढून त्यांनी लेकीच्या हातात दिली. दहापैकी नऊ मुळांत मी निघालो.

मित्रांनो, बशीतलं असो, शेतातलं असो की वर्गातलं, जे मागे पडलेलं, मरगळलेलं दिसतं ते फेकण्याआधी एकदा थांबून विचारा, असं काऊन? मी त्या एका प्रश्नावर जगलो.

वामनरावांनी या हंगामात मक्याचं बी आणलंच नाही. धुऱ्यावर उभं राहून ते केसरबाईंना एवढंच म्हणाले, "कोणत्या ओळीपासून पेरू, सांग."