दोनदा दाबलेलं बोट

मी एक जुना टीव्ही बोलतोय. पुढून चौकोनी, मागून पोट सुटलेला, दोन माणसांनी मिळून उचलावा लागणारा. घरात मला ‘डबा’ म्हणत. म्हणोत बापडे. बावीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं बोललो, आता माझी स्वतःची चार ऐकून घ्या. त्यातला बराचसा भाग कबुलीचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. कुणी काच बसवली, कुणी वायरी जोडल्या, कुणी पाठीवर आकडा चिकटवला. आई-बाप म्हणावं असं तिथे कुणी भेटलं नाही. घर मिळालं ते आजोबांमुळे. तेव्हा ते आजोबा नव्हते; पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस मशीनवर काम करत होते आणि त्यांचा मुलगा शाळेत जात होता. ज्या छोट्या दुकानातून त्यांनी मला घेतलं, त्याचा मालक आधी त्याच कारखान्यात वायरमन होता. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर, म्हणून सगळे त्याला दोनचष्मे म्हणत.

त्या कारखान्याची एक रीत सांगायलाच हवी. मशीनं सुरू झाली की शेजारच्याचं ओरडणंसुद्धा कानावर पडत नसे. म्हणून तिथे बोलायचं असेल तर आधी समोरच्याच्या कोपराला हात लावायचा, मग त्याच्या पुढ्यात येऊन बोलायचं. दोघं मिळून गाडा नेत असतील तर हात एकदा दाबला की थांब, दोनदा दाबला की चल. आजोबांनी तिथे एकतीस वर्षं काढली. कारखान्याने निरोप समारंभात त्यांना घड्याळ दिलं. त्यांचे कान मात्र आधीच काढून घेतले होते.

ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही. आजी गेली होती, मुलगा आपल्या कामात, सून औषधाच्या दुकानात दिवसभर उभी. एका दुपारी आजोबांनी दोनचष्मेंना घरी बोलावलं. दोनचष्मेंनी माझ्या कुशीला एक भोक पाडलं आणि त्यातून लांब वायर आजोबांच्या खुर्चीपर्यंत नेली. वायरीच्या टोकाला कानात घालायची बोंडं. जाताना आजोबांनी त्यांना शपथ घातली, की घरात कुणाला कळता कामा नये.

‘‘छोटीच्या झोपेला त्रास नको म्हणून,’’ असं आजोबांनी सुनेला सांगितलं. छोटी म्हणजे त्यांची नात, तेव्हा पाळण्यात होती. सुनेला केवढं कौतुक वाटलं!

पण वायरीचा खरा उपयोग वेगळाच होता. कुणी हाक मारली आणि आजोबांना ऐकू आली नाही, की ते कानाकडे बोट दाखवत. ‘‘वायर होती गं कानात!’’ सगळे हसत आणि पुन्हा सांगत. कित्येकदा मी बंद असायचो आणि तरी बोंडं त्यांच्या कानात असायची. मला सगळं माहीत होतं. मी त्यांच्या कटात सामील होतो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा गर्वही होता.

पुढे छोटी शाळेत जाऊ लागली. तिला आणायचं काम आजोबांकडे आलं. मध्ये एक रुंद, भरधाव वाहनांचा रस्ता. दुपारी सव्वातीनला आजोबा केस विंचरून, बूट पुसून निघत. दिवसभरात त्यांच्या चेहऱ्यावर जीव यायचा तो तेवढ्या वेळापुरता. मी त्यांना जाताना बघायचो आणि परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा. ऐकू न येता आपण तो रस्ता ओलांडतो हे कळल्यावर सून काय म्हणेल, हे आजोबांना ठाऊक होतं. म्हणूनच तर तोंडाला कुलूप होतं.

आणि एका सोमवारी मी गेलो. आधी पडद्यावर एक पांढरी रेघ, मग काळोख. आवाजही गेला. राहिली फक्त काच, आणि काचेत दिसणारी ती खोली.

घर एकदम शांत झालं. इतर कुणालाही शांतता बरी वाटते. आजोबांची मात्र पाचावर धारण बसली, कारण त्यांना आता सबब उरली नव्हती.

मंगळवारी सकाळी सून न्हाणीघरातून ओरडली, ‘‘बाबा, दूध बघा!’’ दोनदा, तीनदा. आजोबा खुर्चीत, माझ्याकडे तोंड करून बसलेले. दूध उतू जाऊन शेगडी विझली. सून धावत आली. आजोबांचा हात सवयीने कानाकडे गेला, तिथे काही नव्हतं.

‘‘डोळा लागला होता,’’ ते म्हणाले.

‘‘उघड्या डोळ्यांनी?’’ सून म्हणाली. ती शेगडी पुसायला लागली. पण औषधाच्या दुकानातली बाई ती, बारीक अक्षरं वाचायची तिला सवय.

संध्याकाळी नव्या टीव्हीची बोलणी सुरू झाली. मुलगा म्हणाला, ‘‘फोनवरून मागवतो. परवा दारात.’’

सून म्हणाली, ‘‘मोठ्या शोरूमला जाऊ. जुना देऊन नवा मिळतो. डोळ्यांनी बघून तरी घेऊ.’’

आजोबा दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होते. ‘‘घेतला तर दोनचष्मेकडून,’’ ते म्हणाले.

‘‘बाबा, त्यांच्याकडे तीन टीव्ही असतात. त्यातला एक दुरुस्तीला आलेला.’’

‘‘तीन पुरेत. आपल्याला एकच हवाय.’’

मुलगा हसला, पण आजोबा हसले नाहीत. त्यांची मूठ खुर्चीच्या हातावर घट्ट आवळलेली होती. एवढ्याशा खरेदीवरून म्हातारा का अडून बसलाय, हे कुणाला कळेना. मला कळत होतं. असं भोक पाडून देणारा आणि वर ब्र न काढणारा दुकानदार गावात एकच होता. बुधवारी पुन्हा तीच वादावादी झाली. शेवटी ठरलं, रविवारी दोन्हीकडे जायचं. आधी शोरूम, मग दोनचष्मे.

गुरुवारी दुपारी दार उघडलं आणि आजोबा छोटीला जवळजवळ उचलूनच आत आले. तिचा गुडघा खरचटला होता. शाळेत बनवलेलं पुठ्ठ्याचं घर चेपून गेलं होतं. आजोबा कापसाने तिचा गुडघा पुसायला लागले.

‘‘मोटरसायकल कुठून आली, कळलंच नाही मला,’’ ते स्वतःशीच म्हणत होते. ‘‘कळलंच नाही.’’

छोटीने त्यांच्या गालाला हात लावला, त्यांचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाली, ‘‘आजोबा, आज माझे हात मोकळे नव्हते ना. म्हणून झालं.’’

तिच्या हातांचा इथे काय संबंध, ते मला समजलं नाही. आजोबांनाही समजलं नाही. ते तिच्यासमोर जमिनीवर बसून रडले. आईला तिने ‘‘मी पडले’’ एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं. मी त्या रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या. इतकी वर्षं मी त्यांची अब्रू झाकत होतो की त्या पोरीचा जीव धोक्यात घालत होतो? तोंड असतं तर त्याच क्षणी ओरडलो असतो.

रविवारी बापलेकांनी मला गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं. छोटीने माझ्या पोटाभोवती पट्टा लावला. शोरूममध्ये मला दाराजवळच्या टेबलावर ठेवलं आणि कपाळावर चिठ्ठी चिकटवली.

पन्नासेक टीव्ही एकदम चालू होते. सगळे सपाट, सगळे तरुण, सगळे बोंबलत असलेले. विक्रेता काहीतरी सांगत होता. मुलगा ‘‘काय?’’ म्हणत होता, सून ‘‘काय?’’ म्हणत होती. एकटे आजोबा मान डोलवत होते. ‘‘तो म्हणतोय, दोन वर्षं मोफत दुरुस्ती,’’ त्यांनीच त्या दोघांना समजावलं. त्या कल्लोळात ओठ वाचणारा माणूस तेवढा शहाणा ठरला. आठवडाभरात पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झाले.

तिथेच ते फसले. त्यांनी विक्रेत्याला विचारलं, ‘‘कानात घालायच्या वायरीला भोक आहे का याला?’’

‘‘आता बऱ्याच नव्या मॉडेलना नसतं, आजोबा. कशाला हवं?’’

‘‘छोटीच्या अभ्यासात व्यत्यय नको.’’

सून त्यांच्याकडे बघत राहिली. ‘‘बाबा, तिचा अभ्यास आतल्या खोलीत असतो. दार लावून.’’

आजोबांनी हे वाचलं नसावं, कारण ते माझ्याकडे वळले होते. सुनेने मुलाच्या हाताला धरून सांगितलं, ‘‘चल. दोनचष्मेंकडे जाऊ.’’ तिचा आवाज मला अजिबात आवडला नाही.

दोनचष्मेंचं दुकान रस्त्याच्या कडेलाच आहे. बावीस वर्षांत फक्त पंखा बदललेला. मला बाकावर ठेवलं. दोनचष्मे आतून आले, आधी आजोबांच्या कोपराला हात लावला, पुढ्यात आले आणि मग सावकाश म्हणाले, ‘‘ये. बऱ्याच दिवसांनी.’’

कारखान्याची सवय. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सून मात्र जागच्या जागी थबकली.

दोनचष्मेंनी एक टीव्ही दाखवला. मागे वायर जोडायची म्हणून बंद केला, पंखाही बंद केला. दुकानात चिडीचूप झालं. आजोबा वाकून नव्या टीव्हीच्या पाठीवरून बोटं फिरवत होते. सून त्यांच्या मागे दोन हातांच्या अंतरावर उभी होती.

‘‘बाबा,’’ ती म्हणाली.

आजोबांची बोटं फिरतच होती.

‘‘बाबा, तुमचं पाकीट पडलंय.’’

दोनचष्मेंनी मान खाली घातली. मुलाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

‘‘बाबा!’’ या वेळी ती ओरडलीच. रस्त्यावरून जाणारा एक माणूस वळून बघायला लागला. आजोबा वळले नाहीत. त्या क्षणी मला माझा आवाज परत हवा होता, फक्त एकदाच, त्यांना सावध करायला.

मग छोटी धावली. तिने आजोबांचं बोट एकदा दाबलं. आजोबा लगेच वळले. समोर सगळ्यांचे चेहरे. 

‘‘किती वर्षं?’’ मुलाने विचारलं.

‘‘कारखान्यात होतो तेव्हापासून.’’

‘‘आणि तुम्ही माझ्या मुलीला घेऊन तो रस्ता ओलांडता?’’ सून म्हणाली. तिचे ओठ थरथरत होते, तरी आजोबांनी प्रत्येक शब्द वाचला. ‘‘रोज? तो गुडघा त्यातलाच ना?’’

‘‘त्यातलाच. मी चुकलो,’’ आजोबा म्हणाले. ‘‘सांगितलं असतं तर ते काम गेलं असतं. दुसरं कोणतं काम उरलंय मला घरात? तुमच्या दुधावरसुद्धा मला लक्ष ठेवता येत नाही.’’

‘‘उद्यापासून मी जाईन तिला आणायला.’’

‘‘बरोबर आहे,’’ आजोबा म्हणाले. मी त्यांना आजीच्या वेळी रडताना पाहिलंय. तेव्हाही त्यांचा चेहरा इतका रिकामा नव्हता.

‘‘पण आई, आजोबा मला आणतच नाहीत,’’ छोटी म्हणाली.

‘‘म्हणजे?’’

‘‘मी आणते त्यांना. त्यांनी मला कारखान्याचा खेळ शिकवला होता ना? गाडी आली की मी एकदा दाबते, ते थांबतात. रस्ता मोकळा झाला की दोनदा. त्यांना हॉर्न ऐकू येत नाही, मला बालवाडीपासून माहितीये. गुरुवारी ते घर दोन्ही हातांत होतं, म्हणून दाबता आलं नाही.’’

दोनचष्मेंनी पुढे होऊन हे सगळं आजोबांना पुन्हा सावकाश सांगितलं. आजोबा नातीकडे बघत राहिले. इतके दिवस त्यांना वाटत होतं, पोर नुसती खेळतेय. ते खाली बसले आणि त्यांनी तिचे दोन्ही हात आपल्या तोंडावर धरले.

सून स्टुलावर बसली.  मग ती दोनचष्मेंवर घसरली. ‘‘आणि तुम्ही, काका! एवढी वर्षं गप्प बसलात?’’

‘‘शपथ घातली होती, ताई. मोडायला हवी होती. कबूल आहे.’’

‘‘नव्याला वायर लावून देता येईल का?’’

‘‘छोटा डबा जोडून देतो बाजूला. घरी येऊन बसवतो.’’

‘‘मग इथूनच घ्यायचा.’’ ती उठली, आजोबांसमोर गेली. आधी त्यांच्या कोपराला हात लावला. हात लावताना ती जरा अडखळली. पहिलीच वेळ होती. ‘‘उद्या कानाच्या डॉक्टरांकडे. मशीन बसेपर्यंत शाळेत मी येणार. तुम्हीही यायचं. तिघं जाऊ. आणि पुन्हा माझ्याशी खोटं बोलायचं नाही, बाबा. मी खूप घाबरलेय.’’

‘‘मीही,’’ आजोबा म्हणाले.

त्यांनी मला तिथेच ठेवलं. दोनचष्मेंनी माझ्या पोटातलं कामाचं तेवढं काढून घेतलं आणि मला खिडकीत मांडलं. माझ्यावर आता स्क्रूच्या बरण्या असतात. माझी तक्रार नाही. शाळेचा रस्ता याच खिडकीसमोरून जातो. सव्वातीनची मी अजून वाट बघतो.

पहिला महिनाभर ती तिघं यायची. सून एक पाऊल मागे, नजर त्या दोन हातांवर. मग एक दिवस दोघंच आली. आजोबांच्या दोन्ही कानांत छोटी यंत्रं होती. दूरवर हॉर्न वाजला. मी नीट पाहिलं, आजोबांची मान त्या दिशेला वळली. त्यांना ऐकू आलं होतं.

गाडी निघून गेली. रस्ता मोकळा झाला. तरी ते कडेला उभेच होते, नातीकडे बघत. तिने त्यांचं बोट दोनदा दाबलं, तेव्हा कुठे त्यांनी पाऊल उचललं.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी सारखं ‘‘टीव्ही चालू होता, ऐकू आलं नाही’’ म्हणत असेल, तर एकदा टीव्ही बंद करून बघा. आणि त्यांनी वळून पाहिलं नाही, तर मागून ओरडू नका. कोपराला हात लावा, पुढ्यात जा, मग बोला.