शिव्या खाल्लेले टमाटर

"तुयाच नजरेनं अळ्या पडल्या वं, वच्छला! आजच्या आज सावनेरले माहेरी निघ!"

"माह्या नजरेनं? मंग आत्याबाई, मी तुमच्याकडं रोजच पाहतो, तुम्ही कशा वाचल्या?"

सासूसुनेचं भांडण टमाटरच्या वावरात पेटलं होतं, अन् कन्हानजवळचं ते गाव बांधावर जमलं होतं. मधोमध चिमटेबाबा ध्यानात. म्हणजे एक डोळा बंद, दुसऱ्यानं गर्दी न्याहाळून राहिला होता.

चमत्कार मात्र समोरच होता. मागच्या बाजाराच्या दिवशी बाबानं एक वाफा मंत्रून दिला, बाजूचा तसाच सोडला. आता मंत्रलेल्या वाफ्यात अळ्या सुतासारख्या बारीक. बाजूच्यात करंगळीएवढ्या.

"इकडं माझं तेज, तिकडं सुनेची नजर!" बाबा गरजला. "सून गेली की पूरं वावर मंत्रून देतो!"

लोकांनी हात जोडले. वा रे नजर! वाफा वळखते, पण मधली सरी ओलांडत नाही.

वच्छलाचं टाळकं तडकलं. पण डोळे तिचे घारीचे. त्या दिवशी बाबा मंत्रात दोनदा अडखळला होता. दर झाडाचं खालचं पान चिमट्यानं चेचायचं मात्र एकदाही विसरला नव्हता.

नागपूरच्या कृषी कॉलेजातली जया पिकांवरची कीड पाहाले गावात आली होती. बाबानं चेचलेलं पान वच्छलानं तिच्यापुढं धरलं. जयानं ते उलटून पाहिलं. मग बाबाकडं वळली.

"महाराज, ताकद मंत्रात का चिमट्यात?"

"मंत्रात, पोरी! सिद्ध मंत्र आहे!"

"मग चिमटा राहू द्या माझ्याजवळ."

गावासमोर बाबा नाही कसा म्हणणार? अजून अळी न लागलेले दोन कोरे वाफे निवडले. एकात बाबानं हात जोडून पूरा मंत्र म्हटला. दुसऱ्यात वच्छला चुलीजवळची सांडशी घेऊन उतरली. एक पान चेचायचं, एक शिवी द्यायची. "ढोंग्या! मुडद्या! फुकटखाऊ!" शिव्या संपल्या तं बांधावरून पोरांनी पुरवल्या. दुसऱ्या दिवशी जयानं दोन्हीकडं सारख्याच बारक्या अळ्या सोडल्या, वरून मच्छरदाण्या. पहाऱ्यावर वामनराव सरपंच.

"निकाल लागे तवरीक राहा," सासू अंजनाबाई वच्छलाले म्हणाली. "मंग निघजो."

पुढच्या बाजाराला मच्छरदाण्या उठल्या. मंत्राच्या वाफ्यात अळ्या भंडाऱ्याच्या पंगतीतून उठल्यासारख्या टम्म! शिव्यांच्या वाफ्यात पार मरतुकड्या.

"बापा! शिवी मंत्रापेक्षा भारी?" वामनराव.

"शिवी नाही, सरपंच, झाड भारी," जया म्हणाली. "अळीनं पान कुरतडलं का कोणी चेचलं, की खबर पूर्ण झाडात जाते. झाडाच्या आत जीन असतात, त्यातले काही झोपलेले. ते जागे होतात, अन् झाड पानापानात असा पदार्थ बनवतं की अळीले खाल्लेलं पचतच नाही. आम्ही लॅबमध्ये हेच तपासून राहिलो. अळ्यांच्या आधीच पान चेचलं, म्हणून झाड आधीच तयार. मंत्र म्हणा, शिव्या द्या, नाहीतर गप्प राहा. झाडाले फरक नाही."

वच्छला गर्दीकडं वळली. "उद्या कोणाच्याही सुनेकडं बोट दाखवाच्या आधी, बाप्पा, येकडाव पान उलटून पाहत जा."

अंजनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. कोणाकडं पाहावं तिले समजत नव्हतं. "चाल घरी, वच्छला. सावनेरले दिवाळीले जाजो."

"येतो, आत्याबाई. एकच विचारू द्या." ती बाबासमोर जाऊन उभी राहिली. "महाराज, तुमच्या वाफ्यातल्या ह्या जाड्या अळ्यांवर कोणाची नजर आहे?"

बाबानं झोळी उचलली. "मले आता निघा लागते."