सेनेटरच्या भुवया आणि ओडेलचा बिल्ला

आमच्या राज्याच्या विधानभवनाच्या तळघरात ओडेल ट्रॅमेलचं न्हाव्याचं दुकान होतं आणि त्याच्या दाराशी माझी बूटपॉलिशची खुर्ची. सगळ्या सेनेटरांची डोकी त्याच्या हाताखाली, बूट माझ्या. मधल्या भागाचं काय व्हायचं ते आम्हाला ठाऊक नाही, पण दोन्ही टोकं चकचकीत असायची.

ओडेलची धाकटी बहीण व्हर्ना नदीवर फेरीबोट चालवायची. त्या वर्षी सरकारनं बोट बंद करायचं ठरवलं. ती वाचवायचं एक विधेयक सभागृहात पडून होतं. ते बारगळलं की पलीकडच्या गावाला सत्तर मैलांचा वळसा, आणि व्हर्नाला घरी बसणं.

"दिवसभर सेनेटरांच्या माना तुझ्या हातात असतात," ती भावाला म्हणाली. "टाक की एखादा शब्द माझ्यासाठी." जाताना कलिंगडाच्या सालीच्या लोणच्याची बरणी ठेवून गेली.

आता ओडेल इतका सरळ माणूस की स्वतःची दाढी करतानाही आरशाला 'बसा' म्हणायचा. तो उठून वर सदाचार कचेरीत गेला. तिथं इमोजीन टटलबाई बसायच्या.

"बाई, बहिणीसाठी दोन शब्द बोललो तर चालतं ना?"

"बहिणीसाठी कितीही बोल. बदल्यात काही घेतलंस का?"

"लोणचं."

"मग तू लॉबिस्ट झालास, मोबदला घेऊन सेनेटरांचं मन वळवणारा. नोंदणी करावी लागेल."

"बरणी परत केली तर?"

"किती उरलंय?"

"रस आहे थोडा."

"बस इथं. फोटो काढू."

गळ्यात फोटोचा बिल्ला अडकवून ओडेल खाली आला. नियम दोनच: ज्या सेनेटरशी बोलशील त्याचं नाव लिहायचं, आणि त्याला फुकट काही दिलंस तर तेही लिहायचं. दर शुक्रवारी तो कागद कचेरीच्या दारावरच्या फळ्यावर, सगळ्या जगानं वाचायला.

गोम इथंच होती. केस कापायचे ओडेल पैसे घ्यायचा, पण भुवया आणि कानातले केस फुकट. बापानं घालून दिलेली रीत. पहिल्या शुक्रवारी फळ्यावर लागलं: 'सेनेटर क्लेबर्न फिट्स. विषय: फेरीबोट. भेट: डाव्या कानातले केस. उजव्या कानातले केस, जरा जास्त.'

फिट्ससाहेब तरातरा खाली आले. हे गृहस्थ बोटीच्या मुळावरच उठले होते, कारण तरुणपणी त्या बोटीवर त्यांना ओकारी आली होती, तीही होणाऱ्या सासूच्या मांडीवर.

"ओडेल, माझे कान चव्हाट्यावर मांडलेस?"

"नियम आहे, साहेब."

"मग कानाचे पैसे घे."

"बापानं कधी घेतले नाहीत."

"निदान तोंड बंद ठेवून काप."

"छत्तीस वर्षं प्रयत्न करतोय, साहेब. भुवया करू?"

"हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून दुकानात माशी फिरकेना. गावात आणखी एक न्हावी होता, पण त्याची नजर अधू. एकदा त्यानं एका सेनेटरच्या टोपीलाच भांग पाडला होता. तेव्हा सभागृहानं केस वाढवायचं ठरवलं.

तिसऱ्या आठवड्यात सभापतींना कोण समोर तोंड करून बसलंय आणि कोण पाठ, हे कळेना. खजिना समितीच्या अध्यक्षांच्या डोक्यात चिमणीनं घरटं केलं, आणि पिल्लं उडेपर्यंत त्यांना एकाही गोष्टीवर उठून हरकत घेता आली नाही. राज्याचा कारभार इतका सुरळीत कधी चालला नव्हता. फिट्ससाहेबांच्या भुवया तर ओसरीच्या छपरासारख्या खाली उतरल्या. त्यांच्या बायकोनं झुडपं छाटायची कात्री लावली. कात्रीचे दोन तुकडे झाले.

ओडेल मात्र खचला. "माझा बिल्लाच तुला नडला," तो व्हर्नाला म्हणाला. "डोकंच येत नाही, तर बोलू कोणाशी?"

"लोणचं तरी बरं झालं होतं का?"

"मीठ जास्त होतं."

"मग भोग आता."

सोमवारी मतदान झालं. आम्ही तिघं वर सज्जात. सतरा विरुद्ध सतरा, आणि फिट्ससाहेब राहिलेले. बोटीविरुद्ध अर्धा तास भाषण ठोकून ते बसले होते. मेजावर दोन बटणं, विधेयकाच्या बाजूनं हिरवं आणि विरुद्ध लाल. साहेबांनी एका हातानं उजवी भुवई उचलली, तर डावी कोसळली. दोन्ही हातांनी दोन्ही उचलल्या, तर बटण दाबायला हात उरेना. शेवटी भुवया सोडून त्यांनी चाचपडत बोट टेकवलं.

हिरवा दिवा लागला.

व्हर्नानं माझा दंड इतका घट्ट धरला की अजून तिथं तिची बोटं मोजता येतात.

"फिट्ससाहेब, हे तुमचंच मत ना?" सभापतींनी विचारलं.

चुकलं म्हणावं, तर का चुकलं ते सांगावं लागणार, आणि कानांपाठोपाठ भुवयाही सरकारी कागदावर जाणार. "माझं मन पालटलं," साहेब म्हणाले.

काम संपल्याचा अर्ज भरून ओडेलनं बिल्ला परत केला, आणि तळघरापासून रस्त्यापर्यंत डोक्यांची रांग लागली. पहिला नंबर फिट्ससाहेबांचा. त्यांच्या भुवयांतून माझ्या खुर्चीची गादी भरून निघाली. अजून बसतो मी तिच्यावर.

बोट वाचली म्हणून व्हर्नानं नवी बरणी आणली. ओडेल झाकणालाही हात लावीना. बरणी घेऊन थेट इमोजीनबाईंकडे गेला. त्यांनी एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले.

"ही निव्वळ बहिणीची माया आहे. नोंदवायचं कारण नाही."

मग त्यांची जीभ थबकली. बाई उठल्या, फळ्यापाशी गेल्या आणि स्वतःच्या हातानं लिहून आल्या: 'इमोजीन टटल. भेट: लोणच्याची एक फोड. मीठ बेताचं.'