आठवी बाटली

वाइनच्या दुकानाच्या तळघरात सातवी बाटली उघडेपर्यंत वहिनींचे पाय भरून आले होते आणि दिरांची जीभ जड झाली होती. वाइन पांढरी बर्गंडी, फ्रान्सची, एकाच मळ्याची. वहिनींच्या यजमानांनी शेवटच्या आजारपणाआधी स्वतः चाखून निवडलेली. "पाच वर्षं हात लावू नका. मग उघडा. थुंकावीशी वाटणार नाही तुम्हाला," असं बजावून गृहस्थ निघून गेले. दुकान चालायचं ते त्यांच्या जिभेवर. दीर-भावजय नुसते गल्ल्यावरचे. आज वाइन चांगली निघाली, तर ती यजमानांच्या नावाने विक्रीच्या फळीवर लागणार होती. नाहीतर मोरीत.

आणि आतापर्यंत सगळ्या मोरीच्याच लायकीच्या निघाल्या होत्या. रंग फिक्या चहासारखा, वास कापून ठेवलेल्या सफरचंदाचा. ऐन तारुण्यात म्हातारी झालेली वाइन! घोट घोळवायचा, बादलीत थुंकायचा आणि एकमेकांकडे बघायचं टाळायचं, एवढंच चाललं होतं.

"ही तितकीशी वाईट नाही हां," दीर म्हणाले.

"भाऊजी, थापा मारायच्या तर निदान तोंड तरी वाकडं करू नका."

"दादा चुकला असं म्हणवत नाही हो, वहिनी."

वहिनींनाही म्हणवत नव्हतं. माणूस गेला हे त्यांनी कसंबसं पचवलं होतं. तो चुकला होता हे पचत नव्हतं. खरा शीण त्याचाच होता.

"पुरे आता. दमलात तुम्ही," दीर म्हणाले.

"दमलेय म्हणूनच म्हणते, आणखी एक. उद्या पुन्हा हा जिना नाही उतरवणार मला."

आठवी ग्लासात पडली ती फिकट, लखलखीत. दिरांनी नाक खुपसलं आणि तसेच उभे राहिले. आधी गारगोट्या घासल्यावर येतो तसा वास, मग लिंबाच्या सालीचा. जिभेवर धार अशी, की दोघांचीही मरगळ उतरली.

"दादा..." दीर एवढंच म्हणाले. मग घोट तोंडात धरूनच पुटपुटले, "बुचांनी दगा दिला, वहिनी. बाकीच्यांत हवा शिरली. वाइन अस्सलच होती. पण आता कुठली जिवंत आणि कुठली मेलेली, उघडल्याशिवाय कळायचं कसं? विकता नाही यायची."

"नाहीच यायची. मोरीत ओता उरलेल्या."

सवयीने दिरांनी बादली पुढे ओढली. वहिनींनी ती पायाने लांब सरकवली.

"गिळा, भाऊजी. ते म्हणाले होते ना."

स्वतःच्या ग्लासातला उरलेला घोट त्यांनी गिळला आणि जिन्याच्या पायरीवर बसून मनसोक्त रडल्या.