दोन इंजिनं आणि एक नरसाळं

गॅरेजात त्याला सगळे फौजदार म्हणत, आणि ते काही उगाच नाही. पाना बोटभर सरकला तरी हा माणूस चौकशी लावायचा. त्यात गेल्या वर्षी भर शर्यतीत, घाटाच्या वळणावर, त्याच्या थोरल्या बहिणीच्या गाडीचं इंजिन जाम झालं आणि ताईचं खांद्याचं हाड मोडलं. इंजिन फौजदारानं स्वतः बांधलेलं, तेव्हा चूक आपली असणं शक्यच नाही, हे त्यानं त्याच दिवशी ठरवून टाकलं. मग उरलं कोण? भाऊजी. ताईशी लग्न करून तीन वर्षांपूर्वी गॅरेजात आलेले, गोड बोलणारे, शिट्टी वाजवत काम करणारे. कामात शिट्टी वाजवणाऱ्याचा काय भरवसा धरायचा?

यंदा ताई पुन्हा त्याच घाटात गाडी चालवणार होती. इंजिन कुठलं घालायचं, यावरून घरात जुंपली. भाऊजी अमेरिकन इंजिनाचे भक्त. "आठ सिलिंडर, दांडगा जीव, कमी वेगापासूनच ओढ. भाग कमी, म्हणून भानगडीही कमी." फौजदाराचा जीव जर्मन इंजिनावर. "सहा सिलिंडर आणि टर्बो. निम्म्या आकारात तेवढीच ताकद. सगळं मापात असतं, भाऊजी, धसमुसळेपणा नाही."

ताईनं दोघांची तोंडं बंद केली. दोन्ही इंजिनं गाडीबाहेर, चाचणीच्या स्टँडवर दहा-दहा तास पळवायची, ताकद मोजायची आणि शेवटी तेल गाळून बघायचं. ज्याचं तेल स्वच्छ, ते गाडीत बसणार. "ताकद मला दोन्हींची पुरेल," ती म्हणाली. "वळणावर दगा नको."

ज्यानं त्यानं आपापलं इंजिन सांभाळायचं ठरलं. फौजदारानं तेल भरलं आणि प्रत्येक बुचावर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. कुणी बूच फिरवलं तर ठिपका तुटणार. तेल ओतायचं सगळ्यांचं नरसाळं भिंतीला टांगलेलं असे, पण हा पठ्ठ्या त्याला हात लावत नसे. त्याचं स्वतःचं नरसाळं हत्यारांच्या कप्प्यात, कुलपात होतं. किल्ली गळ्यात.

दहा तास झाले. जर्मन साडेचारशे हॉर्सपॉवर, अमेरिकन चारशे तीस. फौजदाराची छाती फुगली. मग पांढऱ्या फडक्यातून तेल गाळलं. अमेरिकनचं फडकं नुसतं काळपट झालं. जर्मनचं मात्र बारीक भुग्यानं चमचमत होतं.

"बेअरिंग झिजतंय वाटतं," भाऊजी हळूच म्हणाले.

फौजदारानं फडक्यावरून चुंबक फिरवला. भुगा लगेच चिकटला. "बेअरिंगचा धातू चुंबकाला चिकटत नाही, भाऊजी. हा कानशीनं घासलेल्या पोलादाचा कीस आहे. बाहेरून आत गेलाय." त्याचा आवाज चढला. "मला गेल्या वर्षीच संशय होता. बहिणीच्या संसाराकडे बघून गप्प बसलो."

भाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला. "तिच्या गाडीत? मी?"

ताई इंजिनाकडे वळली. वाकून तिनं एकेक पिवळा ठिपका बघितला. तेल काढायला फौजदारानंच तोडलेला तळाचा सोडला, तर सगळे अखंड होते. "बूच तर कुणी उघडलंच नाही रे. तेल तू कशानं ओतलंस?"

"माझ्या नरसाळ्यानं. ते कुणाच्या हाती लागत नाही."

"काढ बघू."

त्यानं कुलूप उघडलं. नरसाळं नेहमीसारखं त्याच्या कानशींच्या मधोमध पडलं होतं, आतून तेलकट. कप्प्याच्या तळाशी कानशींचा कीस साचला होता. ताईनं कोरं फडकं नरसाळ्याच्या आतून फिरवलं आणि त्याच्यासमोर धरलं. तीच चमचम.

"हे कुलपात कधीपासून ठेवतोस?"

"भाऊजी आल्यापासून," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्यानं मनात वर्षं मोजली. पुढचं अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गप्प बसला असता तर खपूनही गेलं असतं. "ताई," तो म्हणाला, "गेल्या वर्षीचं तेलही यातूनच ओतलं होतं. मीच."

ताईचा हात स्वतःच्या मोडलेल्या खांद्यावर गेला.

"जर्मन इंजिन धुऊन घे," ती म्हणाली. "पुन्हा दहा तास पळवू. तेल मात्र हे ओततील."

फौजदारानं मान हलवली. भाऊजींनी भिंतीवरचं नरसाळं काढलं, आतून पुसलं, उजेडाकडे धरून नीट बघितलं आणि मग त्यालाही बघायला दिलं. त्यानं ते न बघताच परत केलं.