सहा ब्रुअरी आणि एक वजनमापे निरीक्षक

दवाखान्यातल्या मासिकाची पानं कापून घरी आणणं योग्य की अयोग्य, याबद्दल वजनमापे निरीक्षकांचं मत ठाम होतं. पण त्या संध्याकाळी त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. बायकोने कात्रण स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, ते उडू नये म्हणून त्यावर मिठाची बरणी ठेवली आणि खुर्ची ओढून समोर बसली. ती दातांच्या डॉक्टरांकडे फोन घ्यायला आणि पेशंटना वेळा द्यायला होती. तिथली मासिकं तिच्याइतकी मन लावून कोणी वाचत नसे, कारण बाकीच्यांचे कान आतल्या ड्रिलकडे लागलेले असत.

कात्रणात एक डोंगररस्ता होता. दोन्ही बाजूंना शरदातली लाल-पिवळी झाडं, मागे डोंगरांच्या रांगा आणि रस्त्याच्या कडेने सहा छोट्या ब्रुअरी. प्रत्येक ब्रुअरीवाला आपली बिअर आपणच बनवणार, खाली ती पाजणार आणि वरच्या मजल्यावर पाहुण्यांना झोपायला खोली देणार.

"दहा तारखेपासून मी पाच दिवस रजा टाकलीय," बायको म्हणाली. "सकाळी डोंगर बघायचे, संध्याकाळी नवीन बिअर प्यायची. बुकिंग तुम्ही करायचं, शनिवारपर्यंत. नाही जमलं तर मी ताई आणि भावोजींबरोबर समुद्रावर जाते. त्यांच्या गाडीत एक जागा आहे."

"एकच?"

"एकच," बायको म्हणाली, आणि उठून गॅस बंद केला.

"पाच दिवसांत सहा ब्रुअरी कशा बसणार?" निरीक्षकांनी विचारलं. खरं तर त्यांना दुसरंच काही बोलायचं होतं.

"एक दुपारी उरकू."

तिच्या बोलण्यातली धार उगीच नव्हती. याआधीची त्यांची एकमेव सहल लग्नानंतर चौथ्या दिवशीची, एका तळ्याकाठी. तिथल्या शेंगदाणेवाल्याचा तराजू किलोमागे चाळीस ग्रॅम मारत होता. दुसरा कोणी असता तर शेंगदाणे खाऊन नावेत बसला असता. निरीक्षकांनी पंचनामा केला. पंचनाम्याला दोन साक्षीदार लागतात. एक नावाडी मिळाला आणि दुसरी मिळाली नवी नवरी. नव्या आडनावाने तिने केलेली पहिली सही त्या पंचनाम्यावर आहे. नावेत बसायचं राहिलं ते राहिलंच, कारण नावाडी साक्षीत अडकला होता.

त्यानंतर अकरा वर्षं दोघं कुठेच गेली नाहीत. कधी तिला रजा नसे, कधी ह्यांची तपासणी निघे. आणि खरं सांगायचं तर मध्ये दोन-तीनदा तिनेच विषय टाळला होता. निरीक्षकांना ते कळलं होतं आणि लागलंही होतं. माणूस मनाने वाईट नव्हता. बायकोवर त्यांचा फार जीव होता, फक्त तो दाखवण्याची पद्धत कुठल्याही नियमावलीत दिलेली नव्हती.

रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी चष्मा लावून कात्रणातली सहा नावं वाचली, आणि मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. तो अख्खा रस्ता त्यांच्याच हद्दीत होता. गेल्या वसंतात त्यांनी तो टोकापासून टोकापर्यंत तपासला होता आणि एकही ब्रुअरी नोटिशीवाचून सोडली नव्हती. बिअरच्या ग्लासवर एक रेघ असते. बिअर तिथपर्यंत आणि फेस तिच्या वर, असा नियम. एका ठिकाणी ही रेघ तीन मिलीमीटर खाली निघाली, तेव्हा निरीक्षकांनी चारशे ग्लास खोक्यांत भरायला लावले आणि ते पुरे भरेपर्यंत शेजारी स्टुलावर बसून राहिले. शेवटच्या ब्रुअरीत तर त्यांनी बिअरच्या नळालाच सील ठोकलं होतं. त्या दिवशी तिथे कसला तरी समारंभ होता, एवढं त्यांना अंधुक आठवत होतं.

आता हे बायकोला सांगावं, तर अकरा वर्षांपूर्वीचे शेंगदाणे पुन्हा बाहेर येणार. म्हणून निरीक्षकांनी ताकाला जाऊन भांडं लपवायचं ठरवलं.

सोमवारी त्यांनी कचेरीतल्या आपल्या खोलीचं दार लावलं, मखमली पेटीतली पितळी वजनं बाजूला सारून फोन पुढे ओढला, तोंडावर रुमाल धरला आणि पहिल्या ब्रुअरीत फोन लावला. आपण टोप्यांचे व्यापारी असल्याचं त्यांनी सांगितलं. खोली आहे, डोंगराकडची आहे, सकाळचा नाश्ता आहे, खोलीत लिटरभर पाण्याचा जग भरून ठेवतो, असं पलीकडून अगदी गोड आवाजात उत्तर आलं. इथे शहाण्या माणसाने आभार मानून फोन ठेवला असता.

"लिटर म्हणजे," निरीक्षकांनी रुमालातून विचारलं, "काठापर्यंत लिटर, की रेघेपर्यंत?"

पलीकडच्या आवाजातला गोडवा आटला.

"साहेब," मग आवाज आला, "रुमाल काढा. घुसमटाल. खोल्या भरल्यात."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मंगळवारी त्यांनी स्वतः बोलायचंच नाही असं ठरवून आपल्या कारकुनाला पुढे केलं. कारकून एकोणीस वर्षं त्याच टेबलावर बसून होता आणि दर वर्षी त्याची मान खांद्यात थोडी आणखी रुतत असे. काय बोलायचं ते त्याला कागदावर लिहून दिलं, दोनदा वाचून घेतलं. त्याने दुसऱ्या ब्रुअरीत फोन लावला, घसा खाकरला आणि म्हणाला, "नमस्कार, वजनमापे कार्यालयातून खासगी कामासाठी बोलतोय."

"फोन ठेवला त्यांनी, साहेब," तो थोड्या वेळाने म्हणाला. "काही चुकलं का?"

बुधवारी निरीक्षकांनी तिसऱ्या ब्रुअरीला पत्र लिहिलं. पत्राला आवाज नसतो, असा त्यांचा हिशेब. पण हाताला वळण पडलेलं असतं ना! वर जावक क्रमांक पडला, खाली 'विषय: दोन इसमांकरिता खोली मिळणेबाबत' असं आलं, आणि शेवटी 'सात दिवसांत उत्तर न आल्यास पुढील कारवाई करण्यात येईल' हे वाक्य त्यांच्याही नकळत उमटलं. उत्तर दुसऱ्याच दिवशी माणसाबरोबर आलं. पाकिटात एक मोठा फोटो होता. लांबलचक टेबलावर रेघेपर्यंत भरलेले दोनशे ग्लास आणि त्यांच्यामागे सगळे कामगार ओळीने सावधान उभे. सोबत अनुपालन अहवाल होता. खोलीचा उल्लेख कुठेच नव्हता.

शुक्रवारपर्यंत बातमी डोंगरभर झाली होती. चौथ्या आणि पाचव्या ठिकाणी लोक फोन उचलून आधी "भरलंय" म्हणत आणि मग "कोण बोलतंय?" असं विचारत.

शनिवारी सकाळी निरीक्षकांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सगळं सांगितलं. रुमालासकट सांगितलं. ती कपाटातले डबे पुसत होती, ते काम तिने थांबवलं नाही.

"मला मंगळवारीच कळलं," ती म्हणाली.

"कसं?"

"मी दवाखान्यातून पहिल्या ठिकाणी फोन केला होता. आडनाव सांगितल्याबरोबर म्हणाला, भरलंय. अहो, मी रोज वीस जणांना 'डॉक्टरांच्या वेळा भरल्यात' म्हणून सांगते. खरंच भरल्या असतील तर माणूस आधी वही चाळतो. त्याने चाळली नाही."

"मग मंगळवारपासून तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती धडपडता ते बघत होते," बायको म्हणाली. तिने फडकं झटकलं, हात पुसले आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवून त्याचा स्पीकर लावला. "सहावी राहिलीय ना? बसा. आणि तोंड उघडू नका."

सहावी म्हणजे सील ठोकलेल्या नळाची. फोन मालकीणबाईंनीच उचलला. बायकोने सरळ आपलं आडनाव सांगितलं, आणि मी त्यांचीच बायको, असंही सांगून टाकलं.

"तुमचे मिस्टर मला चांगले ठाऊक आहेत," मालकीणबाई म्हणाल्या. "आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी नळाला सील करून गेले. साठ पाहुणे लिंबाचं पाणी पिऊन घरी गेले, साठ!"

"मी लग्नाच्या चौथ्या दिवशी पंचनाम्यावर सही केलीय," बायको म्हणाली. "शेंगदाण्यांच्या."

फोनमध्ये काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला आणि मग मालकीणबाई जे हसत सुटल्या, ते थांबेचनात. शेवटी श्वास घेत त्या म्हणाल्या, "बाई गं, किती वर्षं झाली?"

"अकरा."

"तुम्ही या! बाकीच्या पाचांशी मी बोलते. जिथे राहाल तिथे डोंगराकडची खोली तुम्हाला. पाच दिवस तुम्हाला कशालाही हात लावू देणार नाही. फक्त त्यांना घरी ठेवून या."

निरीक्षक मिठाच्या बरणीकडे बघत बसले होते. साडूच्या गाडीत एक जागा, डोंगरावरही एकच. जगात जिथे म्हणून जागा होती तिथे ती एकाचीच होती, आणि तो एक कोण, हे सगळ्यांचं ठरलेलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. पण बायकोचा चेहरा इतका फुललेला त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

"जा तू," ते हळूच म्हणाले. "खरंच जा. मी बघतो घरचं."

बायकोने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं.

"दोघं येऊ," ती फोनमध्ये म्हणाली.

पलीकडून एक मोठा सुस्कारा आला. "बघा हं. मग माझी अट ऐका. माझ्या छपराखाली त्यांच्या तोंडून मापाचा एक शब्द जरी निघाला, तर त्यांची बॅग रस्त्यावर आणि ते पहिल्या बसने घरी. तुम्ही पुढचे दिवस एकट्या राहायचं. कबूल आहे का त्यांना?"

निरीक्षकांनी मान हलवली.

"मान फोनवर दिसत नाही," बायको म्हणाली.

"कबूल," निरीक्षक म्हणाले.

दहा तारखेला दोघं निघाली. डोंगर कात्रणातल्यापेक्षा सुंदर होते. चढावर एका पाटीवर 'ब्रुअरी दोन किलोमीटर' असं लिहिलं होतं आणि गाडीच्या काट्यावर ते दोन पूर्णांक तीन भरलं, तेव्हा निरीक्षकांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि झाडांचं कौतुक केलं. बायकोने खिडकी खाली करून वारा घेतला.

संध्याकाळी खिडकीजवळच्या टेबलावर मालकीणबाईंनी स्वतः बिअर आणली. ओतताना त्यांची नजर एक क्षणही निरीक्षकांवरून हलली नव्हती, त्याचा परिणाम दोन्ही ग्लासांवर झाला होता. निरीक्षकांचा ग्लास रेघ ओलांडून काठोकाठ भरलेला, इतका की उचलायची सोय नव्हती. बायकोचा रेघेच्या खाली चांगला दोन बोटं, वर नुसता फेस. मालकीणबाई हात बांधून शेजारीच उभ्या राहिल्या.

निरीक्षकांनी दोन्ही ग्लास नजरेनेच मोजले. स्वतःला जास्त मिळालं, ते त्यांनी कसंबसं गिळलं असतं. पण बायकोला कमी? बोलावं तर बस, न बोलावं तर अकरा वर्षांनी बाहेर पडलेली ही बाई पहिल्याच ग्लासात फसलेली. त्यांनी ओठ मिटले, आपला ग्लास दोन्ही हातांनी जपून उचलला आणि तिच्या ग्लासात अगदी सावकाश धार धरली. ते थांबले, वाकून डोळा टेबलाच्या पातळीला आणला, आणखी थोडी ओतली. दोन्ही ग्लास बरोबर रेघेवर आले. एक थेंब सांडला नाही आणि एक शब्द निघाला नाही. मग ते डोंगर बघत बसले.

बायकोने दोन्ही ग्लास पाहिले, नवऱ्याचे लाल झालेले कान पाहिले. तिला एकदम भरून आलं आणि हसूही आलं. तिने एका दमात अर्धा ग्लास रिकामा केला, ओठावरचा फेस पुसला आणि मान वर केली.

"मालकीणबाई," ती म्हणाली, "माझा ग्लास दोन बोटं कमी भरला होतात तुम्ही."

निरीक्षकांनी टेबलाखाली तिचा हात धरला. "अगं, नको," ते कुजबुजले.

मालकीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "बाई, काय ठरलं होतं आपलं?"

"ते ह्यांचं ठरलं होतं," बायको म्हणाली आणि ग्लास पुढे सरकवला. "मी कुठे कबूल म्हटलं? भरा."