बेचाळीस नोंदी

आठवीच्या भाषेच्या बाईंना शिकवायला लागून सव्वीस वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत वर्गासमोर उभं राहताना त्यांचे पाय कधी लटपटले नव्हते. ते लटपटायला लागले शाळेने प्रत्येक वर्गासाठी इंटरनेटवर स्वतंत्र पान उघडायचं ठरवलं तेव्हा.

मुख्याध्यापिकांनी फर्मानच काढलं. सोमवारपासून गृहपाठ, गुण, सूचना, सगळं पानावर. मुलांनी उत्तरं तिथेच लिहायची, शिक्षकांनी तिथेच तपासायची. ज्यांना जमणार नाही त्यांनी तसं लेखी कळवावं. आता असं लेखी कळवणार कोण? ‘जमत नाही’ हे दोन शब्द स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायची बाईंची तयारी नव्हती.

संगणकाच्या सरांनी एका दुपारी सगळ्या शिक्षकांना बसवून शिकवलं. सर स्वभावाने चांगले, पण बोलणं असं सुसाट की ऐकणाऱ्याला धाप लागावी. “इथे क्लिक, हे उघडलं, हे निवडा, सेव्ह, झालं!” सगळ्यांनी माना डोलावल्या, बाईंनीही डोलावली. पायऱ्या त्यांनी वहीत उतरवून घेतल्या खऱ्या, पण चौथी लिहीपर्यंत सर सहावीवर पोचले होते. हात वर करून विचारावं, तर शेजारी विज्ञानाची शिक्षिका बसलेली. ती एकेकाळी बाईंचीच विद्यार्थिनी. तिच्यासमोर ‘पुन्हा सांगा’ म्हणायला जीभ रेटेना. बाईंनी वही मिटली.

सोमवार, मंगळवार निभावले. मुलांची उत्तरं पडद्यावर टपाटप उमटताना पाहून बाईंना मजाही वाटली. मग बुधवारी शाळा सुटल्यावर त्यांनी एक जास्तीचं काम अंगावर घेतलं. प्रत्येक मुलाबद्दल चार ओळी लिहून ठेवायची त्यांची जुनी सवय होती. कुणाला कमी ऐकू येतं, कुणाला पुढे बसवायला हवं, कुणाला चारचौघांत रागवायचं नाही. पानावर प्रत्येक नावाशेजारी ‘नोंदी’ असा रकाना होता. तो फक्त शिक्षकांसाठी, असं सर म्हणाले होते. आपलंही काम अद्ययावत दिसू दे, म्हणून मान मोडेस्तोवर बसून बाईंनी बेचाळीस मुलांच्या नोंदी त्यात उतरवल्या.

‘फक्त मला दिसावं’ हे प्रत्येक वेळी आपणच निवडायचं असतं. ती पाचवी पायरी होती.

गुरुवारी पहिल्या तासाला बाई वर्गात शिरल्या आणि वर्ग नको तितका शांत होता. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, मी खरंच ‘तोंडाळ पण मनाने साफ’ आहे का?”

हशा पिकला. बाईंना काही उमजेना. “कोण म्हणालं असं?”

“तुम्हीच! पानावर लिहिलंय ना. सगळ्यांचंच लिहिलंय.”

बाईंची नजर आपोआप तिसऱ्या बाकाकडे गेली. तिथे वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणायचे, आपली पुस्तकं दप्तरात भरत होती.

चिमणीच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘आई तीन महिन्यांपूर्वी घर सोडून गेली. परत येणार नाही. घरचा विषय वर्गात काढू नये.’ चिमणीने मैत्रिणींना सांगितलं होतं, आई आजारी आजीजवळ राहायला गेलीये. खरं काय ते तिने फक्त बाईंना सांगितलं होतं, रिकाम्या वर्गात, हुंदके देत. वर म्हणाली होती, “कुणाला सांगू नका हं, बाई.”

दप्तर पाठीला लावून ती सरळ बाहेर पडली. “अगं, थांब!” बाई ओरडल्या. ती थांबली नाही.

त्याच क्षणी तिच्यामागे धावायला हवं होतं. बाई धावल्या त्या संगणकाकडे.

शिक्षकांच्या खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी पान उघडलं. पुसायचं कुठून, तेच सापडेना. एक खिडकी उघडली, ती बंद करायला गेल्या तर दुसरी उघडली. तिच्यात काहीतरी विचारलं होतं. बाईंनी घाईत ‘हो’ दाबलं, आणि पडद्यावर अक्षरं आली: ‘नोंदी सर्व पालकांना पाठवल्या आहेत.’

त्यांनी सगळी बटणं दाबून पाहिली. शेवटी टेबलाखाली वाकून भिंतीतली वायरच उपटली. पडदा काळा झाला. वायर हातात धरून त्या तशाच फरशीवर बसून राहिल्या.

खोलीत आलेल्या विज्ञानाच्या शिक्षिकेने त्यांना तसं पाहिलं. “बाई, काय झालं? बरं वाटत नाहीये का?”

“पुसलं ना गं आता? वायर काढली मी.”

ती खाली बसून हळूच म्हणाली, “वायर काढून काही होत नाही, बाई. पान या डब्यात नसतं.” बाईंचा पासवर्ड विचारून तिने आपल्या फोनवर पान उघडलं आणि मिनिटभरात सगळ्या नोंदी काढून टाकल्या.

“झालं?”

“पानावरचं झालं. पालकांना गेलं ते गेलं.”

सगळं ऐकून मुख्याध्यापिका म्हणाल्या, “तांत्रिक बिघाड झाला म्हणून कळवू. तुमचं नाव कशाला मध्ये?”

“बिघाड नाही झाला. मी चुकले,” बाई म्हणाल्या. “मला येत नव्हतं आणि मी येतंय असं दाखवलं.” वर्गातही त्यांनी हेच सांगितलं, उभ्या उभ्या, टेबलाचा आधार घेऊन. या वेळी कुणी हसलं नाही. पण तिसरा बाक रिकामाच होता.

दुपारी त्या चिमणीच्या घरी गेल्या. टायरच्या दुकानावर दोन खोल्या, लोखंडी जिना. दार अर्धवट उघडून एक स्त्री उभी राहिली.

“मी तिची आत्या. तुम्हीच का त्या?”

“हो. मला तिला भेटायचंय. माफी मागायचीय.”

“दादाला अजून शेजाऱ्यांना सांगायचा धीर झालेला नाही. आणि आज त्याला कामावर तिघांचे फोन आले, वहिनी खरंच गेली का म्हणून. आता कसली माफी घेऊन आलात?”

“एकदाच भेटू द्या.”

आत्याने मागे वळून पाहिलं. आतल्या खोलीचा पडदा हलला, पण बाहेर कुणी आलं नाही. “नाही म्हणतेय ती,” आत्या म्हणाली आणि दार लावून घेतलं. जिना उतरताना बाईंना पायऱ्या दिसत नव्हत्या.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की बाई विज्ञानाच्या शिक्षिकेसमोर वही घेऊन बसू लागल्या. “हे कुणाला दिसतं? आणि हे? हे दाबलं तर परत घेता येतं का?” एकच गोष्ट चारचारदा विचारताना आता त्यांना लाज वाटत नव्हती. लाज वाटायला काही उरलंच नव्हतं. आठवडाभरात पान त्यांना तोंडपाठ झालं. चिमणीचा मात्र पत्ता नव्हता. त्या दोनदा पुन्हा जिना चढून गेल्या. दार उघडलं नाही.

नवव्या दिवशी वडील तिला घेऊन मुख्याध्यापिकांच्या खोलीत आले. खांदे पडलेला, हळू बोलणारा माणूस. मुलीला दुसऱ्या तुकडीत घाला, एवढंच त्यांचं म्हणणं. बाईंना बोलावणं गेलं. त्या दाराशी उभ्या राहिल्या. माफीची वाक्यं त्यांनी रात्ररात्र घोकली होती.

“तुला काय हवंय, बाळ?” मुख्याध्यापिकांनी विचारलं.

चिमणी जमिनीकडे बघत म्हणाली, “वर्ग तोच राहू दे. माझ्या मैत्रिणी तिथे आहेत. फक्त बाईंनी मला काही विचारायचं नाही. कधीच.”

“अगं, असं कसं चालेल? त्या तुझ्या...”

“नाही विचारणार,” बाई म्हणाल्या.

आणि वर्ष संपेपर्यंत त्यांनी विचारलं नाही. कवितेची ओळ पुढे कोण म्हणेल, असं म्हणत त्या बाकामागून बाक पुढे सरकायच्या आणि तिसऱ्या बाकाशी आल्या की चिमणीला वगळून शेजारणीला विचारायच्या. चिमणी त्या वेळी पुस्तकात डोळे घालून बसलेली असे. तिला उत्तर येत असणार, हे बाईंना माहीत होतं.